इंग्रजीचा ठेका : डोळ्यांनी शिकलेल्या एका भाषेची गोष्ट

"इंग्रजी येतं हो, पण बोलता येत नाही." ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मराठी घरांत गेल्या कित्येक वर्षांत हे वाक्य ऐकले नाही असा माणूस विरळा. बोलणारा बहुधा पदवीधर असतो. त्याला इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येते, कचेरीतले पत्र लिहिता येते, व्याकरणाची चूक तो दुसऱ्याच्या लिखाणात पटकन काढतो. तोंड उघडायची वेळ आली की मात्र अडखळतो. याला आपण 'आत्मविश्वासाचा अभाव' म्हणतो आणि विषय संपवतो. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही. जुनी क्रमिक पुस्तके, व्याकरणे आणि शब्दकोश चाळण्याची सवय मात्र जुनी आहे. त्या वाचनातून माझे असे मत झाले आहे की, ही अडचण स्वभावाची नसून शिकवण्याच्या रीतीची आहे आणि त्या रीतीला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. तिचे आवाज लिपीत बसवले, तिचा ठेका मात्र बाहेरच राहिला.

सुरुवातीपासूनच आपल्याकडे इंग्रजी आली ती छापील पानावरून. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नजर फिरवायची, हीच शिक्षणाची पहिली रीत. 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. 1859 च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या पिढीचे इंग्रजी लेखन आजही वाचताना थक्क व्हायला होते. त्यांच्यामागून जो मोठा वर्ग आला, त्याच्या हातात तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' होती. नियम मराठीत समजावून सांगायचा, मग मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करायचे. या पुस्तकाने घराघरांत इंग्रजी नेली, तिचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण भाषांतराला कान लागत नाही. पाटी-पेन्सिल पुरते.

त्याच काळात याच परिसरातल्या एका मुलीने इंग्रजी वेगळ्या वाटेने मिळवली. आनंदीबाई जोशी यांचे बालपण कल्याणात गेले. टपाल खात्यात नोकरी करणारे पती गोपाळराव यांनी त्यांना शिकवायला घेतले. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई गावोगाव फिरल्या, मिशनच्या शाळेतही गेल्या. फेब्रुवारी 1883 मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेला का जातो, हे इंग्रजीतून भर सभेत सांगितले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. पुढे न्यू जर्सीतल्या कार्पेंटर कुटुंबात त्या राहिल्या आणि मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की, त्यांना इंग्रजी रोज ऐकायला आणि रोज उत्तर द्यायला मिळाली. ही संधी त्यांच्या काळातल्या हजारो मॅट्रिक मुलांना मिळाली नाही.

आता या 'ठेक्या'कडे वळू. ठेका म्हणजे काय, ते एका शब्दकुळीवरून कळेल. आपण 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' असे तिन्ही शब्द एकाच साच्यात म्हणतो आणि प्रत्येक अक्षराला सारखे माप देतो. इंग्रज माणूस पहिल्या शब्दात 'फो'वर जोर देतो, म्हणून तो 'फोटग्राफ'सारखा ऐकू येतो. दुसऱ्यात जोर दुसऱ्या अवयवावर सरकतो आणि शब्द 'फटॉग्रफर' होतो. तिसऱ्यात तो 'ग्रॅ'वर जातो. जोर जिथे पडतो तिथला स्वर भरदार होतो, बाकीचे स्वर आक्रसून एका पुसट 'अ'पर्यंत येतात. ध्वनिशास्त्रात या पुसट स्वराला 'श्वा' म्हणतात. 'हॉटेल'मध्ये जोर 'टेल'वर असतो, 'कमिटी'त 'मि'वर, 'डेव्हलप'मध्ये मधल्या अवयवावर, 'इंजिनिअर'मध्ये शेवटी. आपण हे शब्द दिवसातून दहादा उच्चारतो, पण यातली एकही जागा आपल्याला शाळेत सांगितली गेली नाही.

वाक्यातही तेच. अर्थाचा भार वाहणारे शब्द ठळक आणि त्यांना जोडणारी छोटी अव्यये, साहाय्यक क्रियापदे घाईत गिळलेली. मराठी माणूस ती छोटी अव्ययेही आदराने, पूर्ण उच्चारून म्हणतो. त्याचे व्याकरण बिनचूक असते, पण ऐकणाऱ्याला कुठला शब्द महत्त्वाचा ते कळत नाही. उलट इंग्रजी चित्रपट पाहताना आपल्याला 'ते फार भरभर बोलतात' असे वाटते. वेगापेक्षाही मोठी अडचण ही की, निम्मी अक्षरे ते बोलतच नाहीत आणि आपला कान ती शोधत बसतो.

या फरकाला नावे देण्याचे प्रयत्न 1940 च्या दशकात झाले. बीबीसीच्या उच्चार समितीचे सचिव राहिलेले आर्थर लॉइड जेम्स यांनी 1940 साली दोन उपमा दिल्या. काही भाषांची लय मशीनगनसारखी, एकसारख्या गोळ्या झाडणारी. इंग्रजीची मोर्स तारेसारखी, लांब-आखूड. 1945 मध्ये अमेरिकन अभ्यासक केनेथ पाइक यांनी त्याला शास्त्रीय परिभाषा दिली. काही भाषा अवयवांवर वेळ मोजतात, काही आघातांवर. पुढे यंत्रांनी प्रत्यक्ष मोजमाप झाले, तेव्हा ही विभागणी इतकी काटेकोर नाही, असे दिसले. आघातांमधले अंतर इंग्रजीतही घड्याळासारखे समान नसते. पण अक्षरे आक्रसणे आणि फुलणे हा फरक खरा आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

आपल्याकडे याचा मुळाशी जाऊन अभ्यास झाला तो हैदराबादला. तिथे 1958 साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. तिथल्या आर. के. बन्सल यांनी 1969 मध्ये भारतीयांचे बोललेले इंग्रजी परदेशी श्रोत्यांना ऐकवून ते किती समजते, हे मोजले. ब्रिटिश श्रोत्यांना ते सरासरी सुमारे 70 टक्के समजले. न समजण्याच्या कारणांत चुकीच्या अवयवावर दिलेला जोर हे प्रमुख होते. म्हणजे ज्या 'ट' आणि 'ड'बद्दल आपल्याला हसतात, ज्या 'व्ह' आणि 'व'च्या घोळाची आपण लाज बाळगतो, त्यांच्याहून मोठा अडथळा ठेक्याचा होता.

मग आपण ठेका का शिकलो नाही? उत्तर आपल्या लिपीत आहे. देवनागरी ही ध्वनीशी इमान राखणारी लिपी. अक्षर दिसले की ते उच्चारायचे, हा तिचा बाणा. इंग्रजी आली तेव्हा मराठीने मोठी लवचिकता दाखवली. 'बॅट'मधला आणि 'ऑफिस'मधला स्वर आपल्याकडे नव्हता, म्हणून चंद्राची चिन्हे रूढ झाली. 2008 साली 'ॲ' या अक्षराला संगणकाच्या युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली आणि 6 नोव्हेंबर 2009 च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने 'ॲ' व 'ऑ' वर्णमालेत अधिकृतपणे बसले. दोन परक्या स्वरांना आपण घरचे केले. पण जोर दाखवणारे चिन्ह घेतले नाही, आणि पुसट स्वर लिहिण्याची सोय केली नाही. 'कॉम्प्युटर' असे लिहिले की तिन्ही अक्षरे हक्काने आपापला पूर्ण आवाज मागतात.

गंमत अशी की, ही दोन्ही साधने आपल्या घरातच होती. पुसट 'अ' मराठी जिभेला परका नाही. आपण 'मुलगा' लिहितो आणि 'मुल्गा' म्हणतो. 'करतो' लिहितो आणि 'कर्तो' म्हणतो. 'घर'मधला शेवटचा 'अ' तर कुणी उच्चारतच नाही. लिहिलेला स्वर गिळायचा कसा, हे मराठी मूल शाळेत जाण्याआधी शिकलेले असते. आणि चिन्हांचे म्हणाल, तर ऋग्वेदाच्या छापील पोथीत अक्षराखाली आडवी रेघ अनुदात्तासाठी आणि डोक्यावर उभी रेघ स्वरितासाठी असते; उदात्ताला चिन्हच नसते. ते स्वर आवाजाच्या चढउताराचे, इंग्रजीसारखे जोराचे नव्हेत, हा भेद ध्यानात ठेवायला हवा. तरीही 'अक्षर पुरेसे नाही, त्यावर स्वराची खूणही हवी' हा विचार प्रातिशाख्यकारांनी फार पूर्वी केला होता. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय ध्वनिशास्त्राने उच्चारस्थानांचा विचार याच परंपरेकडून उचलला. 1886 साली पॅरिसला स्थापन झालेल्या ध्वनिशास्त्र संघटनेच्या लिपीत जोराची खूण म्हणून आज काय आहे? आघाताच्या अवयवाआधी एक छोटी उभी रेघ. इंग्रजी शब्दकोशात ती प्रत्येक शब्दाजवळ असते आणि आपण तिच्यावरून नजर फिरवून अर्थाकडे जातो.

शासनाची धोरणे बदलत राहिली. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजी आठवीवर गेली. माझ्या पिढीपर्यंत ती पाचवीवर आली. 2000 सालापासून ती पहिलीपासून आहे. वाद नेहमी 'कोणत्या इयत्तेपासून' यावर झाला. 'कानाने की डोळ्याने' हा प्रश्न मागेच पडला.

तो प्रश्न अचानक ऐरणीवर आला तो 2000 नंतर, कॉल सेंटरांमुळे. ठाणे-डोंबिवलीची मुले-मुली संध्याकाळी कंपनीच्या गाडीत बसून रात्रपाळीला जाऊ लागली. तिथे पहिल्यांदा कुणीतरी त्यांना जोर, लय, सूर असे शब्द सांगितले. पण तिथला हेतू भाषा शिकवण्याचा नव्हता. गिऱ्हाइकाला आपण परके वाटू नये, हा होता. कित्येकांना फोनवर नावही दुसरे घ्यावे लागे. ठेका शिकणे आणि स्वतःला लपवणे या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या, हे त्या काळाचे दुर्दैव. अनेकांच्या मनात उच्चारशिक्षण म्हणजे 'गोऱ्यांची नक्कल' असे समीकरण बसले ते तिथून.

उच्चारावरून माणसाची पत ठरवण्याचा रोग मात्र केवळ इंग्रजीचा नाही. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले आणि 1975 मध्ये भक्ती बर्वे यांनी ते रंगभूमीवर गाजवले. त्यात इंग्रजीचा संबंध नव्हता. प्रश्न मराठीच्याच बोलींचा होता आणि प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागला नाही. उलट दिशेनेही पाहा. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ज्या गावी आली, त्या ठाण्याचा 'ठ' इंग्रजांना कधी साधला नाही. त्यांनी तो आपल्या स्पेलिंगात आपल्या सोयीने मोडला, आणि आजही परदेशी पाहुणा नावाचे स्पेलिंग वाचून 'थेन' म्हणतो. त्यावरून त्याची नोकरी कुणी अडवत नाही.

म्हणून मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. मराठी वळणाचा 'ट', 'थ', 'व' आपल्या इंग्रजीत राहिला तर राहू द्यावा. तो आपला पत्ता आहे. पण जोराची जागा ही सजावट नव्हे, ती शब्दाचा भाग आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले की मराठीत 'दिन'चा 'दीन' होतो, तसेच ते आहे. ती शिकवायला महागडे वर्ग लागत नाहीत. नवा शब्द फळ्यावर लिहिताना शिक्षकाने जोराच्या अवयवावर एक उभी रेघ ओढावी आणि वर्गाने त्या जागी टाळी द्यावी. ज्या मुलांना लेझमीचा ठेका आणि अभंगाची चाल कळते, त्यांना सम कुठे पडते, हे वेगळे शिकवावे लागणार नाही. शब्दकोश उघडताना अर्थाआधी ती रेघ पाहण्याची सवय घरातही लावता येईल.

'येतं, पण बोलता येत नाही' म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यभर स्वतःला कमी लेखले. त्याला भाषा येत होती. तिचा ताल त्याच्या कानावर कुणी घातलाच नव्हता. पहिलीच्या वर्गात आज बसलेल्या मुलांवर तरी ही वेळ येऊ नये. त्यासाठी एक रेघ आणि एक टाळी पुरेशी आहे.