कील सप्ताह : पाण्यावरचा महोत्सव

जर्मनीच्या उत्तरेस, बाल्टिक समुद्राच्या एका चिंचोळ्या खाडीवर कील हे बंदर वसले आहे. श्लेस्विग-होल्स्टाईन राज्याच्या या राजधानीची लोकसंख्या सुमारे २.५ लाख आहे. जून महिन्याच्या अखेरच्या पूर्ण आठवड्यात येथे ‘कीलर वोखे’, अर्थात कील सप्ताह साजरा होतो. नाव सप्ताहाचे असले, तरी सोहळा सुमारे दहा दिवस चालतो आणि शहराच्या लोकसंख्येच्या कित्येक पट पाहुणे येथे लोटतात. काय पाहायचे हे आधी ठरविले नाही, तर किनाऱ्यावरील जत्रेतच वेळ सरतो आणि पाण्यावरचा खरा सोहळा पाहायचा राहून जातो.

या महोत्सवाचा प्रारंभ १८८२ साली २० नौकांच्या शर्यतीने झाला. पुढे कैसर दुसरा विल्हेल्म यांच्या आश्रयामुळे त्याला वैभव लाभले. २८ जून १९१४ रोजी कैसर येथेच शिडाच्या नौकेवर असताना त्यांना साराजेव्हो येथील हत्येची वार्ता मिळाली. त्या वेळी ब्रिटिश युद्धनौका पाहुण्या म्हणून बंदरात नांगरलेल्या होत्या. अवघ्या काही आठवड्यांत यजमान आणि पाहुणे परस्परांचे शत्रू झाले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. परंतु महोत्सव पुन्हा उभा राहिला. १९३६ आणि १९७२ च्या ऑलिम्पिकमधील नौकानयनाच्या शर्यतीही कीलमध्येच झाल्या.

शर्यतींचे मुख्य केंद्र शहराच्या उत्तरेकडील शिलक्झे येथे आहे. महोत्सवाच्या अखेरच्या शनिवारी जुन्या शिडांच्या जहाजांचे संचलन निघते; ते खाडीच्या दोन्ही काठांवरून विनामूल्य पाहता येते. होल्टेनाऊच्या जलपाशांतून महासागरी जहाजे १८९५ साली खुल्या झालेल्या कील कालव्यात शिरतात. सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या या कालव्यामुळे जहाजांचा डेन्मार्कला घालावा लागणारा वळसा वाचतो. खाडीच्या मुखाशी असलेल्या लाबो येथे उंच स्मारक आहे. पहिल्या महायुद्धातील जर्मन नौसैनिकांसाठी उभारलेले हे स्मारक १९५४ पासून सर्व राष्ट्रांच्या, समुद्रात प्राण गमावलेल्या खलाशांना अर्पण केलेले आहे. १९१४ ची घटना ठाऊक असलेल्याने तेथे अवश्य जावे.

महोत्सवकाळात कीलमध्ये निवासाची सोय मिळणे कठीण असते. खोली काही महिने आधी राखून ठेवावी किंवा हॅम्बुर्ग येथे मुक्काम करावा. तेथून रेल्वेने सव्वा ते दीड तासात कीलला पोहोचता येते. लाबोला जाण्यासाठी रस्त्यापेक्षा प्रवासी बोट सोयीची आणि अधिक आनंददायी. या दिवसांत सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे फिरण्यास भरपूर वेळ मिळतो. मात्र उन्हाळा असला, तरी बाल्टिकचा वारा बोचरा असतो. सोबत गरम कपडे आणि पावसाळी अंगरखा ठेवावा.