धागा : चार स्क्रूंखालचा पुरावा – बास गिटारींचे संग्राहक, कारागीर आणि ‘मूळ’ असण्याचा प्रश्न

१० ऑक्टोबर १९७२. लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या एका व्हॅनमधून एक बास गिटार चोरीला गेली. व्हायोलिनच्या आकाराची ही हॉफनर ५००/१ पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये सुमारे ३० पौंडांना विकत घेतली होती. तो डावखुरा. दोन्ही बाजू सारख्याच असलेली गिटार उलटी धरली तरी विचित्र दिसत नाही, हे त्या निवडीमागचे एक साधे कारण. बीटल्सच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येतो तो हिचाच आवाज.

पन्नासहून अधिक वर्षांनी ती ससेक्समधील एका घराच्या माळ्यावर सापडली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मालकाकडे परत आल्याचे जाहीर झाले. पण त्या नमुन्याच्या गिटारी कारखान्याने पुष्कळ बनवल्या होत्या. मग हीच ती, हे ठरवायचे कसे?

या गिटारीवर १९६४ मध्ये दुरुस्ती झाली होती. तिला नव्याने रंग दिला गेला आणि तिचे दोन्ही पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारी चुंबकीय वेटोळी) एकाच लाकडी चौकटीत बसवले गेले. कारखान्याने न दिलेली ही चौकट जुन्या छायाचित्रांत स्पष्ट दिसते. तिच्या ओळखीच्या खुणांत या बदलांना मोठे स्थान होते.

इथेच एक विसंगती समोर येते. जुन्या गिटारींच्या बाजारात सर्वाधिक मोल असते ते ‘अस्पर्श’ वाद्याला. रंग मूळचा, स्क्रू मूळचे, डाखसुद्धा कारखान्यातच दिलेला. पुन्हा रंगवलेली गिटार दिसायला कितीही देखणी असली तरी तिची किंमत घसरते. आणि तरीही बास गिटारीच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाद्ये पाहिली, तर त्यातली बरीचशी कुणीतरी तासलेली, खरवडलेली, फोडून पुन्हा जोडलेली आहेत.

हे घडू शकले याचे श्रेय मुळात लिओ फेंडरकडे जाते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५१ मध्ये त्याने ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. उभ्या, माणसाएवढ्या डबल बासवर स्वराची जागा अंदाजाने शोधावी लागे. फेंडरने फिंगरबोर्डवर धातूचे फ्रेट, म्हणजे सतारीच्या भाषेत पडदे, बसवले आणि स्वर अचूक झाला. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच पडले.

त्याची दृष्टी मात्र दुरुस्ती करणाऱ्याचीच राहिली. परंपरागत वाद्यात दांडा सरसाने कायमचा जोडलेला असे. फेंडरने नेक आणि बॉडी वेगवेगळी बनवली आणि चार स्क्रूंनी एकत्र आवळली. नेक बिघडली तर काढा, दुसरी लावा! पुढच्या सत्तर वर्षांतला बदल करण्याचा सारा छंद या चार स्क्रूंवर उभा आहे.

संग्राहकांची डोकेदुखीही त्यांच्यावरच उभी आहे. अनुक्रमांक अनेकदा याच स्क्रूंखालच्या धातूच्या पट्टीवर असतो, आणि पट्टी तर दोन मिनिटांत बदलता येते. म्हणून जाणकार फक्त अनुक्रमांकावर विसंबत नाही. तो नेक काढून तिच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख पाहतो. मग आवाज कमीजास्त करणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या पाठीवरचा आकडा वाचतो. समजा तो १३७६२१८ असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६२ म्हणजे १९६२ हे वर्ष आणि १८ म्हणजे त्या वर्षातला अठरावा आठवडा. यातून कळते ते इतकेच की तो सुटा भाग त्या आठवड्याच्या आधीचा नाही. गिटार केव्हा जुळवली गेली हे कळत नाही. ताम्रपटाची अस्सलता ठरवताना लिपी, भाषा, मुद्रा आणि कालगणना एकमेकींशी ताडून पाहावी लागतात, त्याच जातीचे हे काम आहे.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडरची कंपनी १.३ कोटी डॉलरना सीबीएसकडे गेली. त्यानंतर दर्जा उतरला अशी वादकांची भावना झाली आणि ‘सीबीएसपूर्व’ हा शब्द संग्राहकांसाठी जणू शकपूर्व-शकोत्तर अशी विभागणी होऊन बसला. या भावनेत तथ्य किती आणि स्मरणरंजन किती, हा वाद अजून मिटलेला नाही. नवी गिटार मनाजोगती मिळत नाही म्हटल्यावर लोकांनी सुटे भाग बदलायला सुरुवात केली. १९७० च्या दशकात डिमार्झिओचे पिकअप आणि शेक्टरचे सुटे भाग विकले जाऊ लागले, ते याच गरजेतून.

हौशी हात मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालत होते. १९६१ मध्ये बिल वायमनने एक स्वस्तातली जुनी बास घेतली, तिची बॉडी कापून लहान केली आणि नवे फ्रेट बसवण्याच्या इराद्याने जुने उपटून काढले. फ्रेटविना येणारा आवाज आवडला म्हणून ती तशीच राहिली. पुढे रोलिंग स्टोन्सबरोबर त्याने ती वापरली. अँपेगने कारखान्यात बनवलेली फ्रेटविरहित बास गिटार आली ती १९६६ मध्ये. ‘द हू’चा जॉन एंटविसल याने १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलातल्या खोलीत पाच मोडक्या प्रिसिजन बासच्या अवशेषांतून एक धड गिटार जुळवली आणि तिला ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे नाव दिले. त्याच्या मृत्यूनंतर २००३ मध्ये सदबीजने त्याच्या संग्रहाचा लिलाव केला, त्यात हीही होती. ‘मूळ’ या शब्दाच्या कोणत्याही व्याख्येत न बसणारी ही वस्तू संग्राहकांनी चढाओढीने मागितली.

पण या साऱ्या कथांचा कळस आहे जाको पास्तोरियसची १९६२ ची जॅझ बास. फ्लोरिडात वाढलेल्या या तरुणाने लोण्याच्या सुरीने तिचे फ्रेट उपटले, खाचा भरल्या आणि फिंगरबोर्डवर नौकांना लावतात त्या इपॉक्सीचा थर चढवला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणायचे कारण असे, की खुद्द जाकोनेच या गिटारीची हकिगत वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सांगितली आहे. इपॉक्सीचे कारण मात्र स्पष्ट आहे. गोल वेढ्यांच्या खरखरीत तारा उघडे लाकूड कोरून काढतात. कडक थरामुळे लाकूड वाचले आणि स्वराला ती गाणारी, लांबणारी झळाळी आली. १९७६ चा त्याचा पहिला अल्बम आणि त्यानंतरचे ‘वेदर रिपोर्ट’मधले वादन याने बास गिटारीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

जाकोची प्रकृती ढासळत गेली, मानसिक आजार बळावला. गिटारीचेही हाल झाले. ती अक्षरशः तुकडे तुकडे झाली. फ्लोरिडातल्या दोन कारागिरांनी ते तुकडे एकेक करून जुळवले आणि बॉडीच्या दोन्ही अंगांना लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून तिला पुन्हा उभे केले. त्यानंतर थोड्याच काळात, १९८६ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका बागेतून ती चोरीला गेली. पुढच्या वर्षी, २१ सप्टेंबर १९८७ रोजी, जाको वारला. वय ३५.

सुमारे दोन दशकांनी ती न्यूयॉर्कमध्येच पुन्हा प्रकट झाली. ओळख पटवण्यासाठी तिला पूर्वी जोडणाऱ्या हातांकडेच जावे लागले. कोणती फट कुठे, कोणता तुकडा कसा बसवला, हे दुसऱ्या कुणाला माहीत असणार? मग मालकी कुणाची, चोरीच्या वस्तूवर कुटुंबाचा हक्क किती, यावर दीर्घ तंटा झाला. अखेर २०१० मध्ये ‘मेटॅलिका’च्या रॉबर्ट त्रुहिओने ती खरेदी केली. कुटुंबाने मागितल्यास त्याच किमतीला परत देण्याचे त्याने कबूल केले.

समजा, मधल्या वर्षांत कुणा सद्हेतूच्या हौशी माणसाने तो पापुद्रा काढून, फटी लपवून, ती १९६२ च्या रंगात ‘पूर्ववत’ केली असती. देखणी झाली असती, पण तिला जाकोची म्हणण्याचा आधार फार थोडा उरला असता.

हा धोका काल्पनिक नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांवर एकाच बोटाने बास वाजवणारा जेम्स जेमरसन कित्येक वर्षे निनावी राहिला. तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याची तिथे पद्धतच नव्हती. मार्विन गेच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ते अखेर छापले गेले. त्याचे वाद्य म्हणजे १९६२ ची प्रिसिजन बास. सपाट वेढ्यांच्या जाड तारा तुटल्याशिवाय तो बदलत नसे, आणि त्या फिंगरबोर्डपासून इतक्या उंच असत की दुसऱ्या कुणाला ती वाजवणे अवघड जाई. कोणताही आजचा दुरुस्तीवाला आधी तारा खाली आणेल, मग नव्या चढवेल. त्या क्षणी तो आवाज गेलाच म्हणायचा.

१९८३ मध्ये, जेमरसनच्या मृत्यूच्या थोडेच आधी, ही गिटार चोरीला गेली. ती आजतागायत सापडलेली नाही. तिच्या नेकच्या बुडाशी त्याने ‘फंक’ हा शब्द कोरून शाईने भरला होता, असे तिचे वर्णन आहे. म्हणून १९६२ ची एखादी झिजलेली प्रिसिजन बास कुठल्या गॅरेजमधून किंवा तारणाच्या दुकानातून बाहेर येते, तेव्हा जाणता माणूस पॉलिश पेपरला हात लावण्याआधी नेकची मागची बाजू दिव्याखाली धरतो.