ऑफिस सुटले, तरी झोप का येत नाही?

‘दिवसभर राबून अंग मोडून येते, पण पाठ टेकली की डोळे टक्क उघडे,’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत बँका, आयटी आणि विक्री क्षेत्रातील नोकरदार बरेच असतात. थकवा आला म्हणजे झोप येईलच, असे नसते.

जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन हे रसायन साचत जाते आणि झोपेची ओढ वाढते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन स्रवू लागते व शरीराला रात्रीची सूचना मिळते. मात्र मन सावध असेल, तर या दोन्हींवर मात होते. उद्याचे टार्गेट, साहेबांचा रात्री साडेदहाचा मेसेज यांना शरीर संकटासारखाच प्रतिसाद देते: नाडी जलद राहते, स्नायू सैलावत नाहीत.

मोबाइलच्या निळ्या प्रकाशाची चर्चा फार होते. तो मेलाटोनिन कमी करतो, हे खरे. पण माझ्या मते त्याहून जास्त नुकसान पडद्यावरचा मजकूर करतो. नाइट मोड लावून ऑफिसचे ईमेल वाचले, तर डोळ्यांना आराम मिळेल, डोक्याला नाही. दिवसात स्वतःसाठी वेळच मिळाला नाही म्हणून मध्यरात्रीपर्यंत रील्स पाहणारेही पुष्कळ आहेत. त्यांना नुसते ‘मोबाइल ठेव’ म्हणून भागत नाही. संध्याकाळी अर्धा तास तरी त्यांच्या वाट्याला यावा, हे घरच्यांनी पाहावे.

असे बरेच दिवस चालले की मेंदू अंथरुणाची सांगड जागरणाशी घालतो. सोफ्यावर पेंगणारा माणूस पलंगावर जाताच टक्क जागा होतो, तो यामुळे. अशा वेळी लवकर आडवे होण्याने त्रास वाढतोच. झोप आली तरच अंथरुणावर जा. साधारण वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर (घड्याळ न पाहता, अंदाजानेच) उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे वाचा. सकाळी उठण्याची वेळ मात्र रविवारीही बदलू नका. पहिले काही दिवस जड जातील.

उद्याची कामे संध्याकाळीच कागदावर लिहून काढा. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, गजरासाठी साधे घड्याळ आणा. रात्री कामाचा फोन येऊ शकत असेल, तर ठरावीक नंबर सोडून बाकी सूचना बंद ठेवा. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा भाग सुमारे पाच तासांनंतरही शरीरात असतो. त्यामुळे दुपारनंतरचा चहा सोडून पाहा. रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा खोलीत पूर्ण अंधार करावा, आणि घरच्यांनी तेवढा वेळ दाराची बेल बंद ठेवावी.

आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने असा त्रास झाल्यास त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यावर पहिला उपचार गोळी नसून सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धती आहे. अल्प्राझोलामसारखी गोळी दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घेऊ नका. तिची सवय लागते. ती आधीपासून रोज घेत असाल, तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, गाडी चालवताना डुलकी लागणे किंवा सतत उदास वाटणे यांपैकी काही असेल, तर तीन महिने थांबू नका, लगेच तपासून घ्या. जगणे नको वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ या ‘टेलिमानस’च्या मोफत क्रमांकावर फोन करा.