रबराच्या वडाची गोष्ट



बँकेच्या किंवा कचेरीच्या दारात कुंडीतलं एक झाड आपण पाहतो. जाड, चकचकीत पानं आणि टोकाला लालसर कोंब. हा रबराचा वड. आपल्या वड-पिंपळ-उंबराच्याच कुळातला; पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. आसाम-मेघालयाच्या डोंगरांत मात्र तो कुंडीत मावत नाही, प्रचंड वाढतो.

१८१० साल संपत आलं होतं. कलकत्त्याच्या सरकारी बागेचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांना सिल्हेटहून मधाने भरलेली वेताची टोपली आली. टोपलीतून मध गळत नव्हता, कारण तिला आतून या झाडाचा चीक फासला होता. रॉक्सबर्गनी झाडाला शास्त्रीय नाव दिलं, ते पुस्तकात गेलं. टोपली विणणाऱ्या, चीक फासणाऱ्या डोंगरातल्या हातांची नावं मात्र त्यात आली नाहीत.

पुढे रबराला भाव आला. चिकासाठी झाडांवर इतके घाव पडले, की जंगलातली झाडं मरू लागली. मग १८७३ साली सरकारने आसामात चारद्वारला याची लागवड सुरू केली. पण ब्राझीलचं झाड जास्त चीक देणारं निघालं. आज केरळात मळे आहेत ते त्याचे. आपला रबराचा वड बाजारातून मागे पडला.

मेघालयातल्या खासी आणि जैंतिया लोकांनी त्याला वेगळंच काम दिलं होतं. तिथे पाऊस अफाट, बांबूचे पूल लवकर कुजतात. म्हणून ओढ्याकाठच्या झाडाची कोवळी मुळं, पोकळ केलेल्या सुपारीच्या खोडांतून पलीकडच्या काठापर्यंत नेतात. पूल वापरात यायला पंधरा ते तीस वर्षं लागतात. मग झाड वाढेल तसा तो मजबूत होत जातो. लावणाऱ्याला नाही, तर नातवंडांना तो पुरतो. आजही बायाबापड्या सुपारीच्या टोपल्या घेऊन अशा पुलांवरून जातात.

आम्हाला वाटतं, झाडाची किंमत नुसत्या चिकावर ठरवली तिथे ते संपत आलं. त्याला वाढू दिलं तिथे ते पिढ्यान् पिढ्या कामी आलं.

एक सावधगिरी: हे झाड घराच्या भिंतीशी किंवा विहिरीजवळ लावू नका, मुळं बांधकाम फोडतात. चिकाने अंगाला खाजही सुटते.

आणि एक काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आजी-सासूबाईंना ठाऊक असलेल्या एका झाडाचा उपयोग विचारून यायचं. तो गटाच्या वहीत लिहू. शेजारी सांगणारीचं नावही लिहू.