धुराडे आणि कोपी

बीड जिल्ह्याचा इतिहास म्हटला म्हणजे धारूरचा किल्ला, निजामाची राजवट आणि 1948 साली आलेली मुक्ती ही आपल्या डोळ्यांपुढे येतात. चुलीच्या धुराचा इतिहास कोणी विचारीत नाही. वास्तविक येथील बायकांच्या व त्यांच्या कडेवरच्या पोरांच्या छातीशी पिढ्यान्‌पिढ्या गाठ पडली ती याच धुराची.

जुन्या माळवदी घरात धूर जाण्यासाठी छताला सवणे ठेवीत. तुराट्या, पऱ्हाट्या नि गोवऱ्या यांचा थोडा धूर त्यातून बाहेर पडे. बाकीचा घरातच कोंडे. हा प्रश्न नशिबाचा नसून चुलीच्या बांधणीचा आहे, असे मानणारी माणसे आपल्याकडे निघाली. महात्माजींनी 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापिला आणि पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली. बीड ज्या हैदराबाद राज्यात 1956 पर्यंत होते, तेथील अभियांत्रिकी संशोधनशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनीही मातीचीच निर्धूर चूल सिद्ध केली व 1953 साली तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. युक्ती साधी होती. एकाच जाळावर दोन-तीन भांडी चढवावीत, आणि ऊन हवा वर चढते त्या ओढीनेच धूर धुराड्यावाटे घराबाहेर काढावा.

केंद्र सरकारने 1983 साली सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 मध्ये आवरेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. परंतु त्यांतील पुष्कळ लवकरच निकामी झाल्या. धुराड्यात काजळी साचे, माती तडके, आणि दुरुस्तीस कोणी येत नसे. शिवाय आपली भाकरी तव्यावरून काढून जाळापुढे शेकावी लागते. चुलीचे तोंड किती ठेवावे, हे ठरविताना भाकरी करणारीस आधी विचारावयास नको काय?

बीडची अडचण याहूनही निराळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. फडाजवळ बांबू-पाचटाची कोपी उभी राहते आणि पहाटेच्या अंधारात तीन दगडांवर भाकऱ्या होतात. धुराडे भिंतीच्या आधाराने उभे राहते; कोपीला भिंत कोठली? गावची सुधारलेली चूल गावीच राहते आणि धूर तेवढा माणसांबरोबर जातो. अशा धुराने मुलांस न्यूमोनिया व मोठ्यांस दम्यासारखा जुनाट श्वासरोग जडतो, हे आता वैद्यकाने निश्चित केले आहे.

उज्ज्वला योजना 2016 साली आली. 2021 मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांस पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःच्या घोषणापत्रावर जोडणी मिळण्याची सोय झाली. तिचे आम्हांस मोल वाटते, कारण येथे प्रथमच चुलीबरोबर तिच्या मालकिणीचा प्रवासही लक्षात घेतला गेला. मात्र मजुरी उचलीत आधीच वळती झालेली असते; सिलिंडर भरण्यास रोख पैसा आणावा कोठून?

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की उचल ठरते त्याच बैठकीत ग्रामपंचायत, मुकादम आणि कारखाना यांनी तळावरच्या लहान सिलिंडरचीही बोली करावी. आपण नगरवासी साखर गोड करून खातो. ती तोडणाऱ्या घरच्या खोकल्याचा हिशेब त्या बैठकीत मांडला जावा, हे पाहणे आपलेही काम आहे.