पीक खाणाऱ्या काळविटाचा धनी कोण?



हरभरा वीतभर झाला की हरणांचे कळप रात्री रानात उतरतात. सकाळी बांधावर उभं राहून शेतकरी म्हणतो, "शेजाऱ्याची म्हैस पिकात शिरली तर कोंडवाड्यात घालता येते, धन्याकडं भरपाई मागता येते. या काळविटाचा धनी कोण?" जालना, बदनापूर, भोकरदन, अंबड, कुठंही जा, हा प्रश्न निघतोच. प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं उत्तर काळाप्रमाणं बदलत आलं आहे.

मनुस्मृतीत शेत आणि शिकार यांचा दाखला एकाच ठिकाणी दिलेला आहे. झाडझाडोरा तोडून ज्यानं रान वहितीला आणलं त्याचं शेत, तसं ज्याचा बाण आधी लागला त्याचं हरीण. रोमन लोकांचा कायदाही याच वळणाचा. इ. स. ५३३ मध्ये बादशहा जस्टिनियन यानं कायद्याचा जो ग्रंथ करविला, त्यात रानटी जनावर, पाखरू, मासा हे कुणाचेच नसतात, धरील त्याचे, असं सांगितलं आहे. त्यातलं मधमाश्यांचं उदाहरण आपल्याला चटकन पटेल. तुमच्या झाडावर मोहोळ बसलं म्हणून ते तुमचं होत नाही. पेटीत घेतलंत की तुमचं. पेटीतून उठलेलं मोहोळ नजरेच्या टप्प्यात आहे तोवर तुमचंच. नजरेआड झालं की पुन्हा कुणाचंच नाही.

म्हणजे रानच्या जनावराला धनी नव्हता, पण ते मारून पीक राखण्याची मुभा होती. इंग्रजांनी १९१२ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, त्यातही ही मुभा ठेवली होती. जिवाच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी खरोखरच जनावर मारावं लागलं, तर तो कायदा आड येत नसे. आपला जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं तो कायदा इथं लागू नव्हता. पण पुढं काय बदललं हे समजण्यासाठी एवढं कलम ध्यानात ठेवा.

बदल झाला १९७२ साली. आपल्याकडं ते साल दुष्काळाचं. माणसं खडी फोडायला जात होती, त्याच सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा मंजूर झाला. शिकारीनं जनावरं संपत चालली होती, तेव्हा कायद्याची गरज खरीच होती. पण या कायद्याच्या ११ व्या कलमात आपला किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी जनावर मारण्याची सूट राहिली, पिकासाठीची सूट गेली. पिकासाठी मारायचं तर वनखात्याचा लेखी हुकूम पाहिजे. १९९१ पर्यंत शिकारीचे परवाने तरी मिळत, त्या साली तेही बंद झाले.

मालकीचं काय? ३९ वं कलम सांगतं की मेलेलं सापडलेलं, चुकून मारलं गेलेलं किंवा बेकायदा मारलेलं वन्य जनावर ही सरकारची मालमत्ता. ते ताब्यात आलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मात्र रानात मोकळ्या चरणाऱ्या कळपावर, म्हशीच्या धन्यासारखी मालकी सरकारनं या कलमात सांगितलेली नाही. मेलं की सरकारचं, जिवंत असताना पीक खाल्लं तर धनी सापडत नाही, असा हा पेच.

नदी-नाल्यांचं असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणं दुसऱ्या कुणाचा हक्क शाबीत नसेल तर नदी, नाले आणि वाहतं पाणी सरकारचं. म्हणून दुधना, गोदावरीतली वाळू शेताला लागून असली तरी आपली नव्हे. विहिरीला मात्र इंग्रजी कायद्यानं हरणाचाच नियम लावला होता: जमिनीखाली मुरणारं पाणी उपसेल त्याचं. त्याची फळं आपण बोअरवेलच्या शर्यतीत भोगतोच आहोत. १९९३ च्या कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी नवी विहीर खणायला बंदी घातली.

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली एका नदीच्या खटल्यात सांगितलं की अशा नैसर्गिक संपत्तीचं सरकार हे विश्वस्त आहे. आमचं मत असं, की शेतकऱ्याच्या हातातली काठी ज्यानं काढून घेतली, राखणीचा भार त्यानंच उचलला पाहिजे. भरपाई ही मेहरबानी नव्हे. बरीच वर्षं ती शासन निर्णयांवर चालली. २०२३ साली महाराष्ट्रानं त्यासाठी वेगळा कायदाच केला.

तेव्हा नुकसान दिसताच त्याच दिवशी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या, सातबारा जोडा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पंचनामा होईपर्यंत खाल्लेली रोपं आणि खुरांचे ठसे मोडू नका, त्यात औत घालू नका. रोही किंवा रानडुक्कर फारच मातलं असेल तर ११ व्या कलमाखालच्या परवानगीसाठीही तिथंच अर्ज करता येतो. डबे वाजवून, आरोळ्या देऊन जनावर पिटाळायला कुणाची ना नाही. तारेत वीज मात्र सोडू नका. काळवीट पहिल्या अनुसूचीतलं जनावर आहे, त्याला मारल्यास कमीत कमी ३ वर्षं कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. शिवाय रात्री पाणी द्यायला गेलेला आपलाच माणूस त्या तारेला लागतो.