संगीन, कानस आणि माप

इतिहासाच्या पुस्तकात बंदूक येते ती लढाईच्या अंगाने. कोण जिंकले, कोण हरले, किती पडले, एवढे सांगितले की बहुतेक इतिहासकारांचे काम संपते. परंतु ती बंदूक कोणी घडविली, तिच्या नळीच्या तोंडावर संगीन कोणी बसविली आणि बसविणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. त्यामुळे इतिहास वाचताना आम्हांला तरवारीच्या आधी कानस दिसते. आज त्याच नजरेने एका लहानशा जोडाची हकीकत आपल्यापुढे मांडावयाची आहे. नळीच्या तोंडाशी संगीन जेथे बसते, तो हा जोड.

सतराव्या शतकात संगिनीला लाकडी मूठ असे आणि ती नळीच्या तोंडात बुचासारखी खोचीत. म्हणजे संगीन चढली की बंदूक मुकी झाली. 1689 साली स्कॉटलंडमध्ये किलिक्रँकीच्या लढाईत सरकारी शिपायांनी फैर झाडली आणि ते संगिनी खोचू लागले. तेवढ्या अवकाशात डोंगरी स्कॉट लोक तरवारी उपसून अंगावर आले आणि त्यांनी ती फौज उधळून लावली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये यावर तोड निघाली होती. संगिनीला पोकळ नळकांडे जोडावयाचे, ते नळीच्या तोंडावर बाहेरून चढवावयाचे आणि पाते एका वाकड्या दांड्याने बाजूला काढावयाचे. आता तोंड मोकळे राहिले व संगीन चढवूनही बार भरता येऊ लागला. नळकांडे निसटू नये म्हणून त्यात वळणाची खाच कापीत आणि नळीवर एक छोटा खुंटा पक्का करीत. खाच खुंट्यावरून सरकवून फिरविली की संगीन अडकली. इंग्रजांच्या ‘ब्राऊन बेस’ बंदुकीवर हाच खुंटा नेम धरण्याच्या माशीचेही काम करी.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण त्या काळी नळी हातोड्याने घडवीत आणि बाहेरून घासून साफ करीत. दोन नळ्यांची तोंडे केसभर का होईना, वेगळी असत. नळकांडे सैल झाले तर पाते डगमगे. घट्ट झाले तर ते चढेच ना. तेव्हा कारागीर एकेक संगीन एकेका नळीवर लावून पाही, कानशीचे दोन हात मारी, पुन्हा लावी आणि जमली की दोहोंवर एकच खूण ठोकी. ती संगीन त्याच बंदुकीची. दुसरीवर ती बसेल याची खात्री नसे. हरवली, तर नवी संगीन बसविण्यास पुन्हा कारागीरच हवा.

आपल्याकडेही ही विद्या आली. महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये डी बॉयनला चाकरीस घेऊन कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्यांच्यासाठी आग्र्यास तोफाबंदुकांचे काम सुरू झाले. तेथील सँगस्टर या स्कॉच माणसाचे नाव इतिहासात राहिले आहे. त्याच्या हाताखाली भाता ओढणाऱ्यांची आणि कानस चालविणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

राज्यकर्त्यांना या पद्धतीची अडचण होती ती अशी की, काम कारागिराच्या हातावर आणि मर्जीवर अवलंबून राही. फ्रान्समधील ओनोरे ब्लांक याने यावर उपाय शोधला. सुटे भाग एकमेकांना जुळवीत न बसता प्रत्येक भाग ठराविक मापाला जुळवावयाचा, हा तो उपाय. 1785 मध्ये अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला असलेले टॉमस जेफर्सन त्याच्या कारखान्यात गेले. चापांचे सुटे भाग ढिगातून हाताला येतील तसे उचलून त्यांनी स्वतः चाप जुळविले आणि ही हकीकत मायदेशी कळविली.

पुढे अमेरिकेत या कल्पनेचे श्रेय एली व्हिटनीला मिळाले. त्याने 1798 मध्ये दहा हजार बंदुकांचा मक्ता घेतला. दोन वर्षांची बोली होती. शेवटची बंदूक 1809 मध्ये पोचली. विसाव्या शतकात संशोधकांनी त्याच्या शिल्लक बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकींना बसेनात. खरे काम झाले ते स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरी येथील सरकारी कारखान्यांत. हार्पर्स फेरीला जॉन हॉल याने 1820 नंतर आपली रायफल याच रीतीने बनविली. सर्व मापे एकाच ठराविक बिंदूपासून घ्यावयाची, म्हणजे चुकीवर चूक चढत नाही, हा त्याचा नियम होता. भाग मापात आहे की नाही, हे पोलादी गेज सांगे. 1842 च्या नमुन्याची बंदूक दोन्ही कारखान्यांत होऊ लागली, तेव्हा एका ठिकाणचा भाग दुसऱ्या ठिकाणच्या बंदुकीला बसू लागला.

नेमके याच वर्षी हार्पर्स फेरीच्या कामगारांनी काम बंद केले, हा आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. तोपर्यंत कारागीर नगावर मजुरी घेत आणि आपल्या सोयीने येत-जात. लष्करी अधिकाऱ्यांचा अंमल आला आणि घड्याळाचे तास लागू झाले. कामगार कालव्याने नाव करून थेट वॉशिंग्टनला गेले आणि अध्यक्ष टायलर यांना भेटले. शब्द गोड मिळाले. घड्याळ मात्र राहिले. भागाला माप लागले, त्यापाठोपाठ माणसालाही लागले.

इंग्लंडात हेच घडले. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात अमेरिकन रायफली पाहून सरकार जागे झाले. अमेरिकेतून यंत्रे आणून एनफील्डचा कारखाना सजविला आणि 1857 च्या सुमारास तेथे एकमापी रायफली निघू लागल्या. मधल्या काळात, 1852 च्या आरंभी, इंग्रज इंजिनिअरिंग कामगारांच्या नव्या संघटनेला मालकांनी टाळेबंदी करून गुडघ्यावर आणले होते. जादा वेळ आणि नगावरची मजुरी यांवरून ते भांडण पेटले होते.

असे असूनही यंत्राने हात आणि डोळा हद्दपार केला, ही समजूत खोटी आहे. नळीचे तोंड आणि बूड एका रेषेत नसतील तर वरची संगीन आणि माशी कितीही नीट बसवा, नेम चुकणारच. नळी सरळ करणारा कारागीर ती खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून पाही. चकचकीत पोकळीत सावलीची रेघ पडे. रेघ जेथे मोडली तेथे नळी वाकली, असे ओळखून तो ती सरळ करी. ठोक्याची जागा दाबयंत्राने घेतली, तरी पहिल्या महायुद्धातही एनफील्डला सावली वाचणारा डोळा माणसाचाच होता. संगिनीचे वजनही गोळीची वाट बदलते. म्हणून रशियाच्या 1891 च्या मोसिन रायफलीचा नेम संगीन चढवूनच जुळवीत. ती काढली की गोळी दुसरीकडे लागे. अशा गोष्टी कागदावर येण्याआधी कारखान्यात आणि चांदमारीवर कळलेल्या असतात.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, गेज हे कामगाराच्या ज्ञानाचेच गोठलेले रूप आहे. पहिले गेज कोणा कुशल हातानेच कानशीने उतरविले. मग त्या ज्ञानाचा लाभ सगळा मालकाला आणि जाच तेवढा कामगाराला, हा न्याय कोठला? 1911 मध्ये बोस्टनजवळच्या वॉटरटाऊन येथील लष्करी कारखान्यात साचेकामगारांवर सेकंदाचे घड्याळ धरले गेले, तेव्हा ते बाहेर पडले. त्यांनी यंत्र फोडले नाही की माप नाकारले नाही. लोखंडाला माप लावा, पण आम्हांला न विचारता आमच्या श्वासाला लावू नका, असा त्यांच्या लढ्याचा अर्थ होता. 1915 मध्ये अमेरिकेच्या कायदेमंडळाने लष्करी कारखान्यांत अशा घड्याळावर पैसा खर्च करण्यास बंदी घातली आणि ती 1949 पर्यंत टिकली.

खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 चा. त्याच्या भोंग्यावर पुण्यातल्या अनेक घरांची चूल पेटली. 2021 मध्ये देशातील अशा सरकारी कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, आणि त्याच वर्षी तेथील संपाला मनाई करण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदाही झाला. अशा वेळी हार्पर्स फेरी आणि वॉटरटाऊन यांचा इतिहास परका राहत नाही. यंत्राशी आमचे वैर नाही. नळीला संगीन बसावी म्हणून माप पाहिजे, हे फिटरला कोणी शिकवावयास नको. माप ठरते त्या बैठकीत त्याला जागा असावी, एवढीच आमची मागणी आहे.